सेव्हरीचं बी उगवत नाही? आधी वरची माती काढा

प्रश्न : हॉटेलला पुरवण्यासाठी समर सेव्हरी (युरोपी स्वयंपाकात वापरतात ती सुगंधी पाल्याची वनस्पती) लावायची आहे. जूनमध्ये प्रो-ट्रेत (रोपं करायच्या कप्प्यांच्या ट्रेत) बी टाकलं. थोडंच उगवलं, तीही रोपं बुडाशी कोलमडली. कुठं चुकलं?

उत्तर : आधी हंगाम चुकला. नावातला ‘समर’ युरोपातला आहे. तो उन्हाळा म्हणजे आपली थंडी. आपल्याकडे पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत करा.

दुसरं, बी बहुधा खोल गेलं. एका ग्रॅममध्ये दीड हजाराच्या आसपास दाणे बसतात, आणि उगवायला त्यांना उजेड लागतो. कोथिंबिरीसारखं अर्धा इंच गाडलं की संपलं. ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) प्रत्येक कप्प्यात 2-3 दाणे टाकून बोटानं नुसते दाबा, वर काही पसरू नका. झारीनं दाणे वाहून जातात, म्हणून फवाऱ्यानंच पाणी द्या. 18 ते 22 अंशांत दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. बी ताजंच घ्या, वर्षभरात त्याची उगवण झपाट्यानं घटते.

कोलमड ही बुरशीची. ट्रे सतत ओला आणि हवा कोंडलेली, की ती आलीच. किलोभर कोकोपीटमध्ये 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळा, आणि वरचा थर किंचित सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नको. पान थेट पोटात जातं, म्हणून रासायनिक फवारणीच्या वाटेला जाऊ नका.

महिन्याभरात रोपं गादीवाफ्यावर 20 सेंमी अंतरानं लावा. कुजलेलं शेणखत पुरे. युरियानं पाला माजतो, वास मात्र पातळ होतो, आणि गिऱ्हाईक वासाचेच पैसे देतं.

प्रश्न : कापणी कधी?

उत्तर : झाड वीतभर झालं की शेंडे खुडा. मोठी कापणी कळ्या उमलायच्या आत, दव वाळल्यावर, बुडाशी चार बोटं ठेवून. सुकवायचं तर सावलीत, पातळ पसरून; उन्हात तेल उडून जातं.

प्रश्न : हिला चव कशाची? आपल्याकडे खपेल का?

उत्तर : पान चुरगळून बघा, ओव्याची आठवण येईल. ओव्यात थायमॉल हे वासाचं द्रव्य, हिच्यात मुख्यतः त्याचंच भावंड कार्वाक्रॉल. घेवड्याच्या भाजीत आपण ओवा टाकतो. जर्मन लोक घेवड्यात हीच घालतात, तिथं तिचं नावच ‘बोनेनक्राउट’, म्हणजे शेंगांचा पाला. बल्गेरियात ती ‘चुब्रित्सा’, मिठात कालवून पावाबरोबर खातात. घरगुती गिऱ्हाईक मात्र धरू नका. दर आठवड्याला किती जुड्या लागतील ते हॉटेलकडून आधी ठरवून घ्या, मगच अर्ध्या गुंठ्याच्या पुढं जा.

हिचीच बहीण विंटर सेव्हरी बहुवर्षायू आहे, पण पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की कुजते. ती हवीच असेल तर कुंडीत, निम्मी वाळू घालून, छपराखाली ठेवा.