परिक्रमेचं पुस्तक संपतं आणि मग परत तेच रुटीन

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ४६, बँकेत नोकरी, मुलगा बारावीला, घरी सासूबाई. दिवाळीपासून नर्मदा परिक्रमेवरची तीन पुस्तकं वाचली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून. पुस्तक संपलं की पंधरा दिवस वाटत राहतं की सगळं सोडून निघावं, आपण कोण आहोत ते तरी कळेल, आणि मग परत डबा, लोकल, क्लोजिंग. लिहिणाऱ्याला जे सापडलं ते मला नुसतं वाचून सापडत नाही, म्हणजे माझ्यात तसं काही नाहीच का? की वाचणंच बंद करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वाचणं अजिबात बंद करू नका हो. आधी एक हिशोब बघा. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भरूचच्या पुढे समुद्राला मिळते, साधारण १३१२ किलोमीटर, आणि परिक्रमा म्हणजे दोन्ही काठ. जुन्या नियमाने तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस, चातुर्मासात एका जागी मुक्काम. हल्ली बरेच जण काही महिन्यांत करतात, पण तरी महिने. ते सगळं घरी परत आल्यावर टेबलाशी बसून दोन-अडीचशे पानांत लिहिलेलं असतं, आणि तुम्ही ते तीन रात्रींत वाचता. दोन साक्षात्कारांच्या मधे पायाचे फोड, ओले कपडे, नुसतं चालणं असे कितीतरी दिवस गेलेले असतात, ते पुस्तकात एका ओळीत उरकतात. त्यामुळे लेखकाला झटकन सापडलं आणि मला नाही, असं वाटतं. त्यालाही झटकन नाही सापडलेलं.

आता माझं सांगते, कारण मी पण तुमच्यासारखीच वाचून वाचून निघाले होते. पूर्ण नाही, खंड परिक्रमा, म्हणजे तुकड्यातुकड्याने करतात ती, ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने पश्चिमेकडे, नर्मदा मैया उजव्या हाताला, फक्त आठ दिवस. तिसऱ्या दिवशी दुपार झाली, जवळचं खाणं संपलेलं, एका घराच्या ओट्यापाशी उभी राहिले आणि मला ‘नर्मदे हर’ म्हणता येईना, परिक्रमेत दाराशी मागायला उभं राहिलं की हीच हाक देतात. शब्द माहीत होते, पुस्तकांत शंभरदा वाचलेले, पण जीभ उचलेना. मी वीस वर्षं घरात सगळ्यांना वाढलं होतं, कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मला वाटायचं हा माझा चांगुलपणा आहे. त्या ओट्यापाशी कळलं की ती भीती होती. आतल्या बाईंनीच बघितलं, ‘आओ माताजी, बैठो’ म्हणाल्या, ज्वारीची जाड रोटी आणि वर लसणाची चटणी, रोटीच्या कडेला त्यांच्या बोटांचे ठसे तसेच उमटलेले. मी खाताना रडले, त्यांनी काही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला फक्त.

म्हणून तुम्हाला एक काम देते. त्या तीनपैकी सगळ्यात आवडलेलं पुस्तक परत काढा, हातात पेन्सिल घ्या आणि चिंतनाच्या ओळी सोडून द्या, लेखकाने कुणाकडे काय मागितलं, कुणी दिलं, कुणी नाही म्हटलं, तेवढ्याच जागा खुणा करा. सदाव्रतातला, म्हणजे फुकट अन्न देतात तिथला शिधा, देवळाची ओसरी, समुद्र ओलांडतानाची होडी, वाटेवरच्या शूलपाणीच्या झाडीतले, म्हणजे जंगलातले भिल्ल, ज्यांनी अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून घेतल्याचं कितीतरी जणांनी लिहिलंय. लेखक बदलतो तो बहुतेक त्याच पानांवर. गोनीदांनी, म्हणजे गो. नी. दांडेकरांनी, तर परिक्रमेवरच्या आपल्या पुस्तकाचं नावच ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ठेवलंय, कुणा एकाची, मला ते दोन शब्द फार मोठे वाटतात. तुम्ही विचारता मी कोण, आणि तिथे माणूस स्वतःला कुणी एक म्हणून मोकळा होतो.

सगळं सोडून जायची घाई नको, बारावीचं वर्ष आहे. चैत्रात गुजरातमधे तिलकवाड्याजवळ उत्तरवाहिनी परिक्रमा असते, नदी तिथे उत्तरेला वळते तेवढ्याच टप्प्याची, एका दिवसात होते, मुलाची परीक्षाही तोवर झालेली असेल. पहाटे निघा, ऊन फार असतं. आणि त्याच्या आधी, या रविवारीच, सासूबाईंना नाहीतर मुलाला म्हणा की आज मला तुम्ही चहा करून द्या. काय वाटलं ते मला नक्की लिहा.