‘व्हेरिएबल’ला ‘चल’ म्हणावं का?

शाळेतल्या मुलांना पी-फाइव्ह (कोड लिहून पडद्यावर हलती चित्रं काढायचं साधन) शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : मुलं गणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सोडवतात, मग कोडमधल्या व्हेरिएबललाही, म्हणजे किंमत साठवायच्या नावालाही, चलच म्हणायचं का? गोंधळ नाही होणार?

जरूर म्हणा. मला तर हा शब्द बीजगणितापेक्षा इथेच जास्त शोभतो असं वाटतं. चल म्हणजे हलणारं. निश्चल, अविचल, चल-अचल संपत्ती ही सगळी त्याच घरातली. बीजगणितातलं चल पुष्कळदा हलत नसतं, ते नुसतं माहीत नसतं. उदाहरण सुटलं की एका किमतीवर बसून राहतं. पी-फाइव्हमधलं ‘माउस-एक्स’, म्हणजे माउसची आडवी जागा, मात्र हात सरकला की सरकतं. ‘ड्रॉ’ या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातलं कोड सहसा सेकंदाला 60 वेळा चालतं आणि दर फेरीला त्या चलाची ताजी किंमत हाती येते. (किंमतच म्हणा. ‘मूल्य’ म्हटलं की मुलांना मूल्यशिक्षणाचा तास आठवतो.)

खरा गोंधळ होतो तो ‘बरोबर’ या शब्दाने. माउसच्या मागे हळूहळू येणारं वर्तुळ काढायचं तर ओळ अशी असते :

एक्स = एक्स + (माउस-एक्स - एक्स) * 0.1

एक्स, म्हणजे वर्तुळाची आडवी जागा, 100 आणि माउस 300 वर असेल, तर अंतर 200, त्याचा दहावा भाग 20. एक्स झाला 120. पुढच्या फेरीत 138, मग 154.2. हे ‘एक्स बरोबर एक्स अधिक अमुक’ असं वाचलं, तर बीजगणित नीट शिकलेलं मूल अडणारच, आणि त्याचं अडणं रास्त आहे. म्हणून इथे ‘बरोबर’ नको, ‘ठेव’ म्हणा : उजवीकडचा हिशेब कर आणि उत्तर एक्समध्ये ठेव. ‘माउस-एक्स’ला मात्र ‘ठेव’ चालत नाही. ते आपण फक्त वाचतो, त्यात किंमत भरतो तो माउस. ‘माउस-एक्स वाच, एक्समध्ये ठेव’ असं मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आपलं चल कोणतं आणि आयतं मिळालेलं कोणतं, हे क्रियापदावरूनच कळतं.

राहिला ‘लेट’, म्हणजे चल पहिल्यांदा लिहिताना त्याच्या आधी येणारा शब्द. गणितात आपण ‘एक्स मानू’ म्हणतो, कारण तिथे किंमत शोधायची असते. इथे ती आपणच देतो. तेव्हा ‘एक्स 100 असू दे’.