यूपीएसचा बझर संगणकावरून बंद करता येतो का?

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो आणि घरीच लग्नपत्रिका व संस्थांचे वार्षिक अहवाल यांची डीटीपीची कामे करतो. वळिवाच्या दिवसांत रात्री-अपरात्री वीज गेली की यूपीएस (वीज गेल्यावर संगणकाला थोडा वेळ बॅटरीवर चालवणारी पेटी) वाजू लागतो आणि शेजारच्या खोलीत आईची झोपमोड होते. दुरुस्तीच्या एका कारागिराने ‘पेटी उघडून बझरच काढून टाकतो’ असे सांगितले. यूपीएसच्या मागे यूएसबीचे चौकोनी सॉकेट असून संगणकावर विंडोज आणि उबुंटू या दोन्ही प्रणाली आहेत. केवळ सॉफ्टवेअरने हा आवाज बंद करता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा येईल, आणि पेटी उघडू देऊ नये. प्लग काढलेला असला तरी आतली बॅटरी जोडलेलीच असते, त्यामुळे आतील भागांत धोकादायक विद्युतदाब असू शकतो. शिवाय वॉरंटीवर पाणी सोडावे लागते.

आपल्या यूपीएसला यूएसबीचे सॉकेट आहे, ही जमेची बाजू. ज्या स्वस्त यूपीएसना ते नसते त्यांच्याशी संगणकाला बोलताच येत नाही. तेथे पुढचे बटण दाबून पाहणे एवढाच उपाय उरतो. यूएसबीच्या ज्या प्रमाणित भाषेत यूपीएस आणि संगणक एकमेकांशी बोलतात, तिच्यात बझरसाठी बंद, चालू आणि मूक अशा तीन अवस्था ठरलेल्या आहेत. ‘मूक’ केल्यास फक्त त्या वेळचा आवाज थांबतो आणि पुढच्या वेळी वीज गेली की यूपीएस पुन्हा वाजतो. आपल्याला हवी आहे ती ‘बंद’ ही अवस्था.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बझरची सोय नसते, ती उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहावी लागते. उदाहरणार्थ, एपीसी या यूपीएसच्या ब्रँडच्या ‘पॉवरशूट पर्सनल एडिशन’मध्ये आवाज कायमचा बंद ठेवण्याबरोबरच ठरावीक तासांपुरता बंद ठेवण्याचाही पर्याय आहे. आपले यूपीएस त्यात बसत असेल, तर रात्री अकरा ते सकाळी सहा एवढाच वेळ निवडावा. दिवसा बझर वाजलेलाच बरा.

उबुंटूवर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, म्हणजेच ‘नट’, ही मुक्त प्रणाली वापरता येते. तिच्यात यूपीएसची नोंद करून योग्य ड्रायव्हर (यूपीएसशी बोलणारा छोटा प्रोग्राम) निवडावा, आज्ञा देण्याची परवानगी असलेला वापरकर्ता तयार करावा आणि आपले यूपीएस कोणकोणत्या आज्ञा मानते याची यादी आधी मागवावी. यादीत ‘बीपर डिसेबल’, म्हणजे बझर बंद करण्याची आज्ञा, असेल तर काम सोपे आहे. मात्र मेगाटेक या जुन्या पद्धतीने बोलणाऱ्या अनेक यूपीएसमध्ये केवळ ‘बीपर टॉगल’ असते, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. टॉगल म्हणजे असेल ती अवस्था उलटी करणे. संगणक सुरू होताच ही आज्ञा आपोआप जावी अशी व्यवस्था डोळे झाकून केली, तर आज बंद झालेला बझर उद्या त्याच आज्ञेने चालू होईल. म्हणून आधी ‘बीपर स्टेटस’ वाचावे आणि तो चालू दिसला तरच आज्ञा पाठवावी. काही यूपीएस ही निवड लक्षात ठेवतात, काही पूर्ण बंद होऊन सुरू झाल्यावर विसरतात; तेव्हा एकदा बंद-चालू करून खात्री करून घ्यावी.

एपीसीचेच यूपीएस असेल, तर ‘एपीसी-यूपीएस-डी’ या प्रणालीबरोबर येणाऱ्या चाचणीच्या प्रोग्राममधूनही बझर बंद करता येतो. त्यासाठी तिची पार्श्वभूमीत चालणारी सेवा आधी थांबवावी लागते. ही प्रणाली आणि नट एकाच यूपीएसवर एकाच वेळी लावू नयेत; एक केबल दोघांना धरता येत नाही.

आता थोडे आवाजाच्या बाजूने. वीज असतानाही यूपीएस वाजत असेल, तर तो बहुतेक वेळा बॅटरी थकल्याचे किंवा जास्त भार पडल्याचे सांगत असतो. शिसे-आम्लाच्या छोट्या बॅटऱ्या साधारण 3 ते 5 वर्षांत थकतात. अशा यूपीएसचा बझर बंद केला, तर एखाद्या रात्री वीज जाताच संगणकही क्षणात बंद पडेल आणि अहवालाची पाने जातील. त्यामुळे बझर बंद करण्याआधी बॅटरी ठरावीक पातळीखाली आली की संगणक स्वतःहून नीट बंद होईल, अशी सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवावी. माझ्या मते ही सोय होईपर्यंत बझरला हात लावू नये.

सगळे झाल्यावर प्लग न उपसता भिंतीवरचे बटण बंद करावे, म्हणजे अर्थिंग जोडलेले राहते, आणि बझर गप्प राहतो का व संगणक वेळेवर बंद होतो का ते पाहावे. ही चाचणी हातातली पत्रिका सेव्ह करून, दिवसाउजेडी आणि आई जाग्या असताना करावी.