बशी उडाली, तबकडी झाली

प्रश्न असा आहे: इंग्रजीत ‘फ्लाइंग सॉसर’, सॉसर म्हणजे बशी, मग मराठीत ‘उडती बशी’ न होता ‘उडती तबकडी’ का झाली?

‘उडती बशी’ एकदा मोठ्याने म्हणून पाहा. परग्रहावरचं यान राहतं बाजूला, घरातलं भांडण डोळ्यांपुढे येतं! पण तेवढंच नसावं. अरबी-फारसीतून आलेल्या ‘तबक’ला धाकुटेपणाचा ‘डी’ लागून तबकडी झाली, पलंगाची पलंगडी होते तशी. पुढे ग्रामोफोनच्या रेकॉर्डलाही आपण तबकडी म्हणू लागलो. त्यामुळे चपटी, गोल आणि गरगर फिरणारी वस्तू या शब्दात आयतीच होती. बशीत ती गिरकी नाही.

गंमत अशी की मूळ उपमा आकाराची नव्हतीच म्हणे. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेतल्या माउंट रेनियरजवळ केनेथ आर्नल्ड स्वतःचं छोटं विमान चालवत होता. नऊ चकचकीत वस्तू रांगेने जाताना त्याला दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली तर ती टप्पे घेत जाईल, तशा त्या जात होत्या, असं आपण म्हणालो होतो, हा त्याचा नंतरचा खुलासा. म्हणजे बशी चालीला लावलेली. वर्तमानपत्रांनी ती आकाराला चिकटवली. लष्कराला त्याने काढून दिलेलं चित्र तर पुढून वाटोळं, मागे निमुळतं, बुटाच्या टाचेसारखं आहे. वेगाचा त्याचा अंदाज होता ताशी सुमारे १,९०० किलोमीटर, आणि ध्वनीच्या वेगापुढे विमान गेलं ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात! खळबळ वेगाची, नाव मात्र आकाराचं.

त्या दिवसांत तिकडे सॉसरच्या जोडीने ‘डिस्क’ही चालत होता. ८ जुलैला रॉसवेलच्या लष्करी तळाने काढलेल्या पत्रकात ‘फ्लाइंग डिस्क’ हाती लागल्याचंच म्हटलं होतं. (लगेच तो हवामानाचा फुगा ठरला, ते सोडा.) आपली तबकडी या डिस्कला चपखल बसते, सॉसरला नाही.

‘यूएफओ’ला सरसकट उडती तबकडी म्हणणं मात्र मला खटकतं. अमेरिकी हवाई दलाने तो शब्द रुळवला तो ‘ओळख पटलेली नाही’ एवढंच सांगायला. तबकडी म्हटलं की ओळख पटलेली असते, वर आत कुणीतरी बसलेलंही असतं. तिथे ‘अज्ञात उडती वस्तू’ लिहावं, लांबलचक असलं तरी.