बाकी तीन मतं कोणाले देऊ, ताई?

प्रश्न : ताई, मी हुडकेश्वरला राहते, शिवणकाम करते. माहेर गोंदियाचं, नागपुरात येऊन १९ वर्षं झाली. वस्तीतल्या सांडपाण्याच्या गडरलाइनसाठी आम्ही बाया चार वर्षांपासून झोन ऑफिसात चकरा मारतो आहोत. आता त्या म्हणतात, महापालिकेला तुम्हीच उभ्या राहा. माझ्यामागे पक्ष नाही, घरात कोणी राजकारणात नाही, पैसा नाही. दीर म्हणतात, ‘बाहेरच्या माणसाला कोण विचारतं? डिपॉझिट घालवून येशील.’ आमच्यासारखीला बरोबरीनं लढता येतं का?

उत्तर : बरोबरीनं लढता येत नाही. तरी तुम्ही उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. २०१७ मध्ये मी नागपुरात अपक्ष उभी होते आणि माझं डिपॉझिट गेलं. तेव्हा जे पाहिलं तेच सांगते.

चिन्ह मिळालं कपबशी, तेही मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना. पक्षाचं चिन्ह लोकांना लहानपणापासून पाठ असतं. मला मात्र प्रत्येक दारात आधी नाव, मग चिन्ह आणि मग काम सांगावं लागे. त्यात प्रभाग केवढा! २००७ मध्ये एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडायचा होता. २०१२ ला दोन झाले, २०१७ ला चार. १५१ जागा ३८ प्रभागांत बसवल्या. शहराची लोकसंख्या चोवीस लाख धरली, तर एका प्रभागात साठ हजारांहून जास्त माणसं येतात. आम्ही सहा जणी सकाळी सातला निघायचो, तरी अर्धा प्रभाग राहूनच गेला.

सगळ्यात अवघड गेलं ते चार मतांचं गणित. मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबायची असतात. पक्षाचा कार्यकर्ता सांगतो, चारही ठिकाणी आपलंच चिन्ह दाबा. मी म्हणायची, ‘क मध्ये कपबशी.’ एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, ‘तुले देतो वं बाई, पण बाकी तीन कोणाले देऊ?’ मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या कुणाच्या पॅनलची नावं मी कशी सांगणार होते? आणि तीन बटणं एका चिन्हावर दाबणारा हात चौथ्यालाही तिकडेच जातो. त्या वर्षी १५१ नगरसेवकांमध्ये अपक्ष एकच होता. मुंबईत २२७ वॉर्डांत आजही एकेकच नगरसेवक निवडतात. नागपूरकरांनाही तसंच मिळालं पाहिजे. पक्ष नसलेल्या माणसावर यापेक्षा मोठा अन्याय मला दिसत नाही.

वरच्या निवडणुकांत तर फरक कायद्यातच लिहिलेला आहे. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. उमेदवाराच्या खर्चाला ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला काहीच नाही. मतदानयंत्रावर अपक्षांची नावं शेवटी येतात.

लोक म्हणतील, अपक्ष निवडून येतातच की. १९९५ मध्ये राज्यात ४५ अपक्ष आमदार झाले होते, पण त्यांतले कितीतरी काँग्रेसचे बंडखोर होते. २०२४ ला दोनच आले. त्याच वर्षी सांगलीतून विशाल पाटील अपक्ष खासदार झाले, ते वसंतदादांचे नातू. आपल्या नागपूरनंही १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. ते मूळचे वणीचे, म्हणजे तुमच्या दिरांच्या हिशेबानं बाहेरचेच. पण तोवर ते बिहारचे राज्यपाल होऊन गेले होते आणि विदर्भाची चळवळ त्यांच्या पाठीशी होती. पक्षाचं तिकीट नसलं, तरी ही माणसं लोकांना आधीपासून ठाऊक होती. तुमची लढाई याहून अवघड आहे.

गोंदियाचं मात्र मनातून काढून टाका. नाव नागपूरच्या मतदार यादीत आहे ना? मग कायद्याला तुमच्या माहेराशी देणंघेणं नाही. गडरसाठी चार वर्षं झोन ऑफिसात उभी राहणारी बाई त्या वस्तीची नाही, तर मग कोण आहे?

माझी चूक सांगते, ती तुम्ही करू नका. मी अर्ज भरल्यावर कामाला लागले. तुम्ही आजच प्रभागाची यादी मिळवा आणि बूथवार फाडून वाटा. तुमच्यातली एकेक बाई एकेका बूथची. तिनं यादीतली घरं ओळखायची, वारलेल्यांची आणि वस्ती सोडून गेलेल्यांची नावं खोडायची आणि मतदानाच्या दिवशी तिथंच पोलिंग एजंट म्हणून बसायचं. माझे एजंट नऊच बूथवर होते, बाकीच्या बूथवर माझ्या बाजूनं बघणारं कुणी नव्हतं. शक्य झालं, तर उरलेल्या तीन जागांसाठी तुमच्यासारखीच माणसं शोधा, म्हणजे त्या आजींच्या प्रश्नाला तुमच्याजवळ उत्तर असेल. आणि शिलाईचे पैसे यात घालू नका. वर्गणी काढा, दहा-वीस रुपये का असेना. पैसे दिलेला माणूस मत द्यायला येतो, हे मी पाहिलं आहे.

माझी त्या वेळची वही अजून जपून ठेवली आहे. कुठल्या गल्लीत किती वेळ गेला, कुठं दार उघडलं नाही, पत्रकं कुठं कमी पडली, सगळं त्यात आहे. संपादकांकडे पत्ता कळवा, वही पाठवते.