‘पेढी’ की ‘घराणे’? फ्रेंच वाइन-व्यापाऱ्यांसाठी मराठी शब्द

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या ‘बार्टन आणि गेस्टिए’ या जुन्या फ्रेंच वाइन-व्यापारी संस्थेवरील लेखाचे भाषांतर करताना, तिच्या नावामागे येणाऱ्या ‘हाउस’साठी ‘घराणे’ लिहावे की ‘पेढी’, आणि मळेवाल्यांकडून वाइन विकत घेऊन ती विकणारा व्यापारी या अर्थाच्या ‘नेगोसियाँ’ या फ्रेंच शब्दासाठी ‘दलाल’ किंवा ‘अडत्या’ चालेल का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

माझे मत निःसंशय ‘पेढी’च्या बाजूने आहे. ‘घराणे’ हा शब्द रक्ताच्या किंवा गुरुशिष्यांच्या परंपरेशी बांधलेला आहे, तर पेढी भागीदारांची असू शकते, विकली जाऊ शकते आणि मालक बदलले तरी त्याच नावाने चालू राहू शकते. या संस्थेच्या बाबतीत नेमके हेच घडले. थॉमस बार्टन हा आयरिश व्यापारी १७२५ मध्ये बोर्दोत आला आणि त्याने वाइनच्या व्यापारात जम बसवला. त्याचा नातू ह्यू बार्टन याला फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये, परकीय म्हणून अटक झाली; पुढे तो सुटून आयर्लंडला गेला आणि बोर्दोतला कारभार डॅनियल गेस्टिए याने सांभाळला. या विश्वासाचे रूपांतर १८०२ मध्ये रीतसर भागीदारीत झाले. ह्यूने नंतर, १८२१ मध्ये लांगोआ आणि १८२६ मध्ये लेओव्हिलचा एक हिस्सा, असे द्राक्षमळे स्वतःसाठी विकत घेतले. हे मळे आजही बार्टन कुटुंबाकडे आहेत, पण व्यापारी संस्था मात्र केव्हाच कुटुंबाबाहेर गेली असून सध्या ती कास्तेल या उद्योगसमूहाची आहे. म्हणजे घराणे एकीकडे आणि पेढी दुसरीकडे, अशी स्थिती आहे. दोहोंसाठी एकच शब्द वापरला तर वाचकाचा गोंधळ ठरलेला.

‘दलाल’ हा शब्द मात्र टाकून देऊ नये, कारण त्याची गरज दुसऱ्या एका माणसासाठी पडेल. बोर्दोच्या बाजारात मळेवाला आणि व्यापारी यांच्यामध्ये ‘कुर्तिए’ नावाचा तिसरा माणूस असतो. तो माल विकत घेत नाही. दोघांची गाठ घालून देतो, भाव जुळवतो आणि आपली दलाली घेतो, जी साधारणपणे दोन टक्के असते. बोर्दोजवळच्या मेदोक भागातील मळ्यांची १८५५ ची प्रसिद्ध प्रतवारी याच दलालांनी, वर्षानुवर्षांच्या भावांच्या आधारे, तयार केली होती. मराठीत ‘दलाल’ शब्दाला थोडा वाईट वास येतो हे खरे, पण सौद्याच्या संदर्भात तो अजूनही सरळ अर्थाने वापरला जातो. ‘अडत्या’ही नेगोसियाँला लागू पडत नाही, कारण अडत्या दुसऱ्याचा माल विकून देऊन अडत घेतो, तर नेगोसियाँ स्वतःचे भांडवल घालून माल आपल्या मालकीचा करतो. कित्येकदा तर आपल्याकडे आंब्याची बाग उक्ती घेतात तसा, पुढील काही हंगामांच्या वाइनचा सौदा ठरल्या भावाने तो आधीच करून ठेवी. अशा माणसाला ‘घाऊक व्यापारी’ म्हणणेच रास्त.

परंतु ‘व्यापारी’ म्हटल्याने त्याचे निम्मेच काम सांगितले जाते. विसाव्या शतकापर्यंत बहुतेक वाइन मळ्यातून बाटल्यांत भरून नव्हे, तर २२५ लिटरच्या लाकडी पिपांतून निघत असे. ती गारोन नदीकाठच्या शार्त्रों या पेठेत व्यापाऱ्याकडे येई आणि तिथेच मुरे. इंग्रज गिऱ्हाइकाला जड वाइन आवडते म्हणून तीत रोन खोऱ्यातली किंवा स्पेनची दणकट वाइन मिसळण्याची रीतही होती. मूतों या मळ्याच्या बॅरन फिलिप द रॉथशील्ड यांनी १९२४ मध्ये सगळी वाइन मळ्यावरच बाटलीबंद करण्याचे ठरवले, तेव्हा या व्यवस्थेला मोठा धक्का बसला. मुरवण्याचे काम करणाऱ्या व्यापाऱ्याला फ्रेंचमध्ये ‘नेगोसियाँ-एलव्हर’ म्हणतात. ‘एलव्हर’ म्हणजे पाळणारा, वाढवणारा. येथे ‘पालक’ किंवा ‘संवर्धक’ लिहिण्याचा मोह आवरावा आणि ‘वाइन मुरवून विकणारा व्यापारी’ असे सरळ लिहावे.

ही पिपे जिथे ठेवली जातात त्या ‘शे’ला अनेक भाषांतरकार ‘तळघर’ म्हणतात. शार्त्रोंतले शे मात्र जमिनीवरच बांधलेले, लांबच लांब असत, कारण नदी जवळ असल्याने खाली खणले की पाणी लागे. त्यासाठी ‘वखार’ हा शब्द तयारच आहे. ‘वाइन’ मात्र वाइनच राहू द्यावी. मराठी बायबलमधला ‘द्राक्षारस’ श्रद्धेच्या संदर्भात शोभतो, व्यापाराच्या लेखात वाचकाला तो सरबताचा प्रकार वाटेल.

वाचकाने पाठवलेल्या मसुद्यातील ‘१७२५ मध्ये स्थापन झालेले बार्टन आणि गेस्टिए घराणे’ या वाक्यात कालक्रमाचीही गल्लत आहे, कारण त्या वर्षी गेस्टिएचा या व्यापाराशी संबंधच नव्हता. त्याऐवजी ‘थॉमस बार्टनने १७२५ मध्ये बोर्दोत घातलेली आणि १८०२ च्या भागीदारीमुळे बार्टन आणि गेस्टिए असे नाव मिळालेली वाइन-व्यापाराची पेढी’ असे लिहावे.