मुंबईच्या बाल्कनीत डॅफोडिल: आधी जात निवडा, मग कुंडी

प्रश्न: मी मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहते, बाल्कनी पूर्वेला आहे. गेल्या वर्षी मोठ्या पिवळ्या डॅफोडिलचे दहा कंद ऑनलाइन मागवून नोव्हेंबरमध्ये लावले. पाती भरपूर आली, फूल एकही नाही. खत कमी पडलं का? यंदा तीन-चार जाती एकाच मोठ्या कुंडीत लावायचा विचार आहे. कोणत्या घेऊ? जुने कंद चालतील का?

उत्तर: ताई, खताचा काही संबंध नाही, कमी पडली ती थंडी. डॅफोडिलची कळी कंदात आधीच तयार झालेली असते. चांगला कंद उभा चिरला तर पांढऱ्या पापुद्र्यांच्या मधोमध ती इवलीशी, फिकट पिवळसर दिसते. ती वर यायची तर दांडा लांबायला हवा, आणि त्यासाठी कंदाला साधारण १२ ते १५ आठवडे ५ ते ९ अंश सेल्सिअस थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीतली एखादी पहाट १५ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी पारा पुन्हा तिशीला टेकतो. अशा हवेत पाती वाढत राहतात आणि कळी आतल्या आत सुकून कागदासारखी होते. तुमच्याकडून काळजी घेण्यात काही चुकलं नाही, मुंबईसाठी जातच चुकली.

म्हणून यंदा नर्गिसच्या गटातल्या जाती घ्या. काश्मीरमध्ये थंडी सरता सरता फुलणारी नर्गिस ती हीच, एका दांड्यावर लहान लहान सुवासिक फुलांचा झुबका देणारी. या गटातली पांढरीशुभ्र ‘पेपरव्हाइट’ आपल्यासाठी सर्वांत भरवशाची. तिला थंडी द्यावी लागत नाही, लावल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलते. पिवळा रंगच हवा असेल तर ‘ग्रँड सोलेय द ओर’ घ्या, पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये नारिंगी वाटी. ती जरा सावकाश येते. पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळी वाटी असलेली ‘चायनीज सेक्रेड लिली’ही याच गटातली. पेपरव्हाइटचा वास मात्र उग्र असतो, बंद खोलीत काहींचं डोकं दुखतं. कुंडी बाल्कनीतच बरी.

जाती एका कुंडीत मिसळू नका. एक फुलून जाते तेव्हा दुसरी जेमतेम कोंब काढत असते, आणि पाणी दोघींना वेगवेगळं लागतं. आठ इंची कुंडीत एकाच जातीचे पाच कंद जवळजवळ बसवा, फक्त एकमेकांना चिकटू देऊ नका. शेंडे मातीवर जरा दिसले तरी चालतात. दोन भाग पोयटा माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड रेती घ्या, ताजं शेणखत घालू नका. कंद घेताना हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने जड आणि कांद्यासारखा टणक हवा. बुडाशी दाबल्यावर मऊ लागला तर परत करा. लागवड नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरमध्ये करा. पहिल्यांदा भरपूर पाणी द्या, मग मातीचा वरचा इंचभर थर सुकल्यावरच. तुमच्या बाल्कनीतलं सकाळचं ऊन यांना पुरेसं आहे. उकाड्यात दांडे उंच होऊन लोळतात, तेव्हा काडी रोवून सैल दोरा बांधा.

तरीही ‘किंग आल्फ्रेड’सारखं मोठं तुतारीचं फूल हवंच असेल, तर फ्रिजचा मार्ग आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंद जाळीच्या किंवा कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू ठेवू नका, पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. जानेवारीच्या सुरुवातीला काढून लावा आणि घरातल्या सर्वांत गार, उजेडाच्या जागी ठेवा. फूल आलं तरी आपल्या उन्हाळलेल्या हवेत फार दिवस टिकत नाही, ही तयारी ठेवा. त्यापेक्षा जेमतेम वीतभर उंचीची ‘तेत-आ-तेत’ मला जास्त पसंत आहे. थंडी तिलाही लागते, पण चार इंची कुंडीत लावून ती कुंडीच फ्रिजमध्ये ठेवता येते, त्यामुळे मुळं आतच धरतात. कंद हाती यायला नोव्हेंबर उजाडला तर हा खटाटोप यंदा करू नका. थंडी पुरी होईपर्यंत फेब्रुवारीचं ऊन येतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा कंद विषारी आहे आणि दिसतो थेट कांद्यासारखा. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘विषारी, खायचा नाही’ असं लिहा आणि घरच्या प्रत्येकाला, स्वयंपाकाच्या मावशींनाही, पिशवी हातात घेऊन दाखवा. चुकून भाजीत पडला तर मळमळ, उलट्या, जुलाब होतात. मांजर-कुत्र्यांनाही तो बाधतो.

जुने मोठे पिवळे कंद पुन्हा फुलतील अशी आशा धरू नका. नर्गिस गटातले ठेवून पाहायला हरकत नाही. फुलं सरल्यावर दांडा कापा, पाती मात्र आपोआप पिवळी पडेपर्यंत राहू द्या, कंद त्यांच्यावरच पोसतो. मग कंद काढून वाळवा आणि पावसाळाभर जाळीत, हवेशीर जागी टांगून ठेवा. जूनमध्ये कुंडीत राहिले तर सडलेच म्हणून समजा.

प्रश्न: गोराईला आमची दहा गुंठे जागा आहे. दादरच्या बाजारासाठी डॅफोडिल लावावं का?

उत्तर: दादा, नको. कंद दरवर्षी नवे घ्यावे लागतील आणि पावसाळ्यात जमिनीत टिकणार नाहीत. कंदाचंच फूलपीक हवं असेल तर निशिगंध लावा, निचऱ्यासाठी वाफे उंच ठेवा. नाहीतर वसईच्या वाड्यांमध्ये सोनचाफा कसा जोपासतात ते एकदा जाऊन पाहा. झाड एकदा धरलं की वर्षानुवर्षं फूल देतं, आणि दादरला त्याला गिऱ्हाईक आहे.